त्याच दाराशी पुन्हा

रविवारी सकाळी आबिड्स ओळखू येत नाही. आठवडाभर गजबजलेल्या दुकानांची शटरं खाली असतात आणि त्यांच्यासमोरच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या राशी मांडलेल्या असतात. इंजिनिअरिंगची गाइडं, उर्दू मासिकं, तेलुगू कादंबऱ्या, क्वचित एखादं मराठी पुस्तकही. दारोदार सुवार्ता सांगायला निघालेली आमची पहिली तुकडी इथूनच निघाली, जीपीओच्या चौकातून, खांद्याला पत्रिकांच्या पिशव्या अडकवून. चार रविवारांत पिशव्या रिकाम्या झाल्या. अहवालात आकडा झकास दिसला. पाचव्या रविवारी फुटपाथच्या टोकाला एक शेंगदाणेवाला आमच्याच पत्रिकांच्या पुड्या बांधत बसला होता. मी दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले आणि पुडी उलगडून वाचली. छपाई चांगली होती.

त्या पिशव्यांमुळे प्रार्थनेला कुणीही आलं नाही. आल्या त्या एक आजी, आणि त्यांनी पत्रिका घेतलीच नव्हती. चिराग अली लेनच्या मागच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर त्यांनी दार उघडलं, आमचं मराठी ऐकून "नांदेडकडचे का रे तुम्ही?" एवढं विचारलं, गुडघे धरलेत म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आमच्यातल्या एका बहिणीच्या लक्षात ते गुडघे राहिले. दोन आठवड्यांनी ती नुसती विचारपूस करायला गेली. मग पुन्हा गेली. चौथ्या खेपेला आजींनी स्वतःहून विचारलं, "तुम्ही रविवारी करता तरी काय?"

हैदराबादेत नवी बाप्टिस्ट मंडळी उभी करण्याचं मनात असलेल्या मराठी कुटुंबांना माझं सांगणं त्या चौथ्या खेपेतून निघतं. किती दारं वाजवली हा हिशेब सोडून द्या. कुठल्या दाराशी किती वेळा परत गेलात, तो ठेवा.

याला शास्त्राचा आधार आहे, आणि तो आपण सोयीस्कर विसरतो. घरोघर जाण्याच्या बाजूने प्रेषितांची कृत्ये २०:२० नेहमी दाखवलं जातं, कारण पौल तिथे जाहीरपणे आणि घरोघरी शिकवल्याचं सांगतो. पण लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो तेव्हा सातव्या वचनात उलटं बजावतो. ज्या घरात स्वागत होईल तिथेच राहा, या घरातून त्या घरात फिरत बसू नका. दोन्ही वचनं एकत्र वाचली की पद्धत समजते. दारं पुष्कळ वाजवायची ती एक उघडं घर सापडावं म्हणून, आणि सापडलं की तिथे बूड टेकून बसायचं.

बाप्टिस्टांच्या भारतातल्या इतिहासातही घाई कुणाला फळलेली दिसत नाही. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात उतरला आणि पहिला बंगाली बाप्तिस्मा झाला डिसेंबर १८०० मध्ये, कृष्ण पाल या सुताराचा. मधे सात वर्षं गेली. कृष्ण पालचं मन वळायला निमित्त झालं ते निखळलेल्या खांद्याचं. मिशनच्या डॉक्टर टॉमसने तो बसवला आणि ओळख वाढली. याच केरीने फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार सेरामपूरहून छापून काढला. त्याच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. मराठी माणसाला बाप्टिस्ट हा शब्द परका वाटतो, पण आपल्या छापील गद्याच्या पहिल्या पानांवर एका बाप्टिस्टाचा हात आहे. दारात कुणी "हे इंग्रजांचं काय आणलंत?" असं म्हटलं तर हे सांगता येतं. वाद घालायला नव्हे, गप्पांना विषय म्हणून.

आपल्या तेलंगण-आंध्राच्या बाजूची गोष्ट तर याहून बोलकी आहे, आणि ती प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला पहिल्या बैठकीत सांगावी असं मला वाटतं. अमेरिकन बाप्टिस्टांचं तेलुगू मिशन १८४० पासून नेल्लोरला होतं. इतकी वर्षं फळ इतकं थोडं, की अमेरिकेत ते बंद करावं का यावर चर्चा झाल्या. १८६६ मध्ये त्या मिशनचा जॉन क्लफ ओंगोलला आला. त्याच्या आधीच येर्रगुंटला पेरय्या नावाच्या एका मादिगा गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला होता. पेरय्या कातड्यांचा व्यापार करायचा. त्या निमित्ताने गावोगाव त्याच्या ओळखी होत्या, नातीगोती होती, आणि तो त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचा. परदेशी मिशनऱ्याला अनोळखी असलेली दारं पेरय्याला सोयऱ्यांची होती.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला. क्लफने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं, हजारो लोकांना मजुरी दिली, आणि आपले उपदेशक मुकादम म्हणून नेमले. लोक बाप्तिस्मा मागू लागले. त्याने दिला नाही. सुमारे पंधरा महिने एकाही माणसाला बाप्तिस्मा नाही, कारण धान्यासाठी कोण आला आणि विश्वासाने कोण आला हे कळायला मार्ग नव्हता. मदत संपली, तरी लोक येतच राहिले, तेव्हा वेल्लमपल्लीजवळ गुंडलकम्मा नदीत ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या सभांमधून हा आकडा मोठ्या आवाजात सांगितला जातो आणि पंधरा महिन्यांची गोष्ट गाळली जाते. मला विचाराल तर आकडा विसरलात तरी चालेल.

आता आबिड्सकडे वळू. हा भाग दुकानांचा. निजामाच्या दरबारातल्या अल्बर्ट आबिडच्या दुकानावरून नाव पडलं, आणि आजही इथे दिवसा दिसणारी बहुतेक माणसं रात्री दुसरीकडे राहतात. तेव्हा काउंटरमागच्या मुलीला गिऱ्हाइकांच्या गर्दीत पत्रिका देऊ नका. तिची नोकरी मालकाच्या मर्जीवर असते. दार म्हणजे घराचं दार. ती घरं आहेत दुकानांच्या वरच्या मजल्यांवर, बोगुलकुंट्याच्या गल्ल्यांत, हनुमान टेकडीवर, किंग कोठीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, आणि पलीकडे सुलतान बाजार, जांबाग, इसामिया बाजाराच्या पट्ट्यात. विवेकवर्धिनी आणि मराठी साहित्य परिषद याच बाजूला असल्याने जुनी मराठी घरं इथे आहेत. पाट्या वाचत चला. पण पाटीवरच्या 'कर' वरून माणसाचं मन कळत नाही, हेही लक्षात असू द्या.

एक गल्ली घ्या. चाळीस-पन्नास घरांहून मोठी नको. दोन जोड्या पुरतात आणि प्रत्येक जोडीत एक बाई असावीच, कारण दुपारी दार उघडणारी बहुधा बाईच असते. हैदराबाद उशिरा उठतं, दुकानं अकराच्या पुढे उघडतात, पुरुष रात्री दहाला घरी येतात. त्यामुळे आठवड्यात चार ते सहा आणि रविवारी अकरानंतर, याव्यतिरिक्त वेळ नाही. रमजानात संध्याकाळी जाऊ नका. बोनालूच्या रविवारी जाऊ नका. अनंत चतुर्दशीला तर आबिड्समध्ये पायच ठेवता येत नाही. मोझमजाही मार्केटकडून येणारी मिरवणूक इथूनच हुसेनसागरकडे जाते. अपार्टमेंट असेल तर आधी वॉचमनला आपलं नाव आणि काम खरं सांगा. "सर्वे आहे" असं सांगून वर गेलेले लोक मला माहीत आहेत. जिथे सुरुवातच खोट्याने झाली तिथे सुवार्ता कसली सांगणार?

दार उघडल्यावर पहिलं वाक्य असं असावं: "नमस्कार, आम्ही ख्रिस्ती आहोत, अमुक ठिकाणी राहतो, शेजाऱ्यांची ओळख करून घेतोय." ख्रिस्ती हा शब्द पहिल्याच वाक्यात यावा, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक राहते. "नक्को" आलं की हसून निघायचं, पत्रिका दाराच्या फटीतून सरकवायची नाही. कुणाच्या देवाबद्दल, देव्हाऱ्याबद्दल वाकडा शब्द नाही. घरात मोठं माणूस नसेल तर मुलांशी बोलायचं नाही. कुणी आजारपण सांगितलं तर प्रार्थना करू का म्हणून विचारा, हो म्हटलं तर दोन मिनिटांत आटपा, आणि बरं होण्याची हमी देऊ नका. औषध बंद करा असं सांगणारा कार्यकर्ता दुसऱ्याच दिवशी घरी बसवावा.

बाहेर आल्यावर जिन्यात उभं राहून वही लिहा. आमच्या वहीत पाच रकाने आहेत: मजला आणि दार, तारीख, घरातली भाषा, त्यांनी काय सांगितलं, परत कधी बोलावलं. जातीचा रकाना नाही. फोन नंबर त्यांनी आपण होऊन दिला तरच. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नवे लोक तिथे आपण काय सांगितलं ते लिहितात. त्यांना पुन्हा पाठवा. "मुलाची दहावी", "गावाकडं शेतीचा वाद", "गुडघे" असे शब्द तिथे हवेत. पुढच्या खेपेला बोलणं तिथून सुरू होतं. आणि दारात उभं राहून फोटो काढू नका. समोरच्याच्या घराचं दार हे आपल्या अहवालाचं चित्र नाही.

एखादं घर आधीच सीएसआय, मेथडिस्ट किंवा कॅथलिक निघालं तर? आबिड्सला सेंट जॉर्जेस चर्च आहे, चॅपल रोडवर मेथडिस्ट आहेत, गनफाउंड्रीला कॅथलिकांचं कॅथीड्रल. "जय ख्रिस्त" म्हणा, चहा दिला तर घ्या, आणि पुढच्या दाराकडे जा. दुसऱ्यांच्या कळपातली मेंढरं ओढून भरवलेली मंडळी दोन वर्षांत पुन्हा फुटते. सिकंदराबादच्या जुन्या बाप्टिस्ट मंडळींच्या वडीलधाऱ्यांनाही सुरुवातीलाच जाऊन भेटा. तिथे तेलुगू बाप्टिस्टांचं काम १८७५ च्या सुमारापासूनचं आहे. आपण स्वायत्त म्हणून कुणाला विचारणार नाही, हा ताठा महागात पडतो. तो कसा, हे शेवटी सांगतो.

कायद्याबद्दल थोडं. संविधानाचं कलम २५ धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन राहून. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यातून मिळत नाही. बाप्टिस्टाला याचं दुःख व्हायचं कारण नाही. स्वतः विचार करून स्वतः कबुली देणाऱ्याचाच बाप्तिस्मा, हे आपलं मूळ तत्त्वच आहे. देवळांच्या, मशिदींच्या दारात पत्रिका वाटू नका. तांदळाची पिशवी, शाळेची फी, नोकरीची चिठ्ठी यांतलं काहीही सुवार्तेच्या खेपेत हातात नको. गरजू शेजाऱ्याला मदत जरूर करा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाकडून, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनाही तेवढीच. शेजारच्या कर्नाटकात किंवा दुसऱ्या राज्यात कार्यकर्ते पाठवणार असाल तर तिथला कायदा आधी वकिलाकडून समजून घ्या. राज्याराज्यांत फरक आहे.

सहा-आठ महिन्यांत एखादं घर उघडतं. मग तिथेच बुधवारची किंवा शुक्रवारची प्रार्थना सुरू करा. पाऊण तास. 'उपासना संगीत' मधली दोन भजनं, शास्त्रातला एक उतारा, त्यावर प्रश्न विचारायची मुभा, प्रार्थना. पेटी असली तर छान, माइक नको. इमारतीतल्या लोकांची तक्रार उपदेशाबद्दल क्वचितच असते. ती जिन्यातल्या चपलांबद्दल असते. आमच्याकडे वीसेक जोड चपला दोन मजल्यांच्या पायऱ्यांवर पसरायच्या आणि खालच्या मजल्यावरच्या सासूबाई पाय घसरून पडता पडता वाचल्या. तेव्हापासून एक मुलगा दाराशी प्लास्टिकचा क्रेट घेऊन बसतो. आलेल्या प्रत्येकाच्या चपला त्यात जातात. गाड्यांचंही तसंच. रविवारी पुस्तकबाजाराच्या फुटपाथला टेकवून गाडी लावली तर त्या विक्रेत्याची दिवसभराची जागा जाते.

भाषेचा प्रश्न लवकर येतो. आजी मराठी, सून तेलुगू माध्यमात शिकलेली, नातू इंग्रजीत बोलणारा, आणि शेजारचे हैदराबादी हिंदीवाले. मराठीचा हट्ट किती धरायचा? माझं मत असं, की भजन आणि शास्त्रवाचन मराठीत ठेवा, उपदेशाचा गाभा पाच मिनिटं हिंदीत सांगा. ज्यांना तेलुगू जवळची त्यांना तेलुगू मंडळीचा पत्ता द्या आणि मनापासून पाठवा. गावाहून आलेल्या माणसाचं महत्त्व मात्र ओळखा. १८४२ मध्ये हॅम्बुर्ग शहर जळालं. ते पुन्हा बांधायला आलेले कारागीर तिथल्या ओंकेनच्या बाप्टिस्ट मंडळीत आले आणि परत जाताना युरोपभर मंडळ्यांचं बी घेऊन गेले. काचीगुड्याला गाडीतून उतरणारा नांदेड-लातूरचा मजूर दिवाळीला गावी जातोच. त्याला इथे नीट शिकवलंत तर पुढची मंडळी तुम्हाला न विचारता तिकडे सुरू होईल.

घरातली प्रार्थना म्हणजे अजून मंडळी नव्हे. बाप्टिस्टांत मंडळी होते ती बाप्तिस्मा घेतलेल्या विश्वासूंनी एकत्र येऊन करार केला तेव्हा. बिशपचं फर्मान लागत नाही, पण त्यामुळेच सभासदांची जबाबदारी वाढते. पाळक बोलावायचा ठराव, सेवक निवडणं, पैशांचा हिशेब, चुकलेल्याला समज देणं, सगळं सभासदांच्या बैठकीत. म्हणून निदान बारा-पंधरा प्रौढ माणसं, त्यांतली काही कमावती, असल्याशिवाय घाई करू नका. नोंदणी सोसायटी म्हणून करायची तर तेलंगणच्या २००१ च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. बँकेचं खातं संस्थेच्या नावे, दोन सह्यांचं. परदेशातल्या नातेवाइकाच्या मंडळीने प्रेमाने पाठवलेले डॉलर २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय घेऊ नका. आबिड्सचं भाडं झेपत नाही हे खरं. एखाद्या शाळेचा वर्ग रविवारी तीन तासांसाठी मिळतो का पाहा.

बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून. हुसेनसागरचा विचारही करू नका. जुन्या बाप्टिस्ट मंडळीत त्यासाठी बांधलेला हौद असतो, तो मागा. त्याआधी निदान सहा महिने शिकवा आणि प्रत्येक उमेदवाराला एकट्याला बसवून परिणाम सांगा. विशेषतः अनुसूचित जातीतून येणाऱ्याला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला तो दर्जा राहत नाही. तेलंगणात अशांसाठी बीसी-सी हा एक टक्क्याचा वेगळा गट आहे. मुलाची कॉलेजची जागा, नोकरीतली बढती यावर अवलंबून असते. "कागदावर तसंच राहू द्या, मनाने ख्रिस्ती व्हा" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो खोटेपणा आहे, आणि कोर्टात निस्तरावा लागतो तो त्या मुलाला, सल्ला देणाऱ्याला नाही. ऐकून माणूस थांबला तर थांबू द्या. क्लफ पंधरा महिने थांबला होता.

आता त्या ताठ्याची गोष्ट. आमच्या घरगुती मंडळीतला पहिला मृत्यू अचानक झाला. तोवर आम्ही भजनांच्या वह्या छापल्या होत्या, फलक रंगवला होता, पण पुरायचं कुठे हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. दफनभूमीत जागा मिळायला कुठल्या तरी मान्य मंडळीचं पत्र लागतं, आणि आम्ही कुणाचेच नव्हतो. संध्याकाळी सहापासून रात्री एकपर्यंत फोन केले. ज्यांना भेटायला आम्ही वर्षभर गेलो नव्हतो त्या एका मंडळीच्या वडिलांनी शेवटी पत्र दिलं, एक शब्द न बोलता. लग्नाचंही असंच आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली तुमच्या पाळकाला परवाना आहे का, की दुसऱ्या परवानाधारकाला बोलवावं लागेल, हे पहिली पत्रिका छापण्याआधी विचारून ठेवा. आणि एखाद्या जुन्या मंडळीशी बोलून दफनभूमीचं लेखी पत्र मिळवा. पहिल्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवाल त्या दिवशी ते फायलीत असलं पाहिजे.